दोरु खोऱ्यातले जुने द्राक्षमळे: रेग्वा की पिन्याँव?

रानवाटा: सप्टेंबरअखेर पोर्तुगालला चाललोय. दोरु खोऱ्यात डोंगरावर द्राक्षशेती कशी उभी राहिली ते समजून घ्यायचंय, वाइन टेस्टिंग दुय्यम. दोघांचं बजेट मुक्काम धरून २०० युरो. गाडी चालवणार नाही. रेग्वाला राहावं की पिन्याँवला?

निळाई: पिन्याँव! आम्ही मळ्यातच राहिलो होतो. खर्च बराच होतो, पण उठल्या उठल्या समोर टप्प्याटप्प्यांचा अख्खा डोंगर. पैशाकडे बघू नका.

चक्रधर: गाडी घ्या. नाहीतर वरची गावं राहून जातात.

ओंजळ: त्या वळणांवर गाडी नकोच. ट्रेन नदीला चिकटून जाते, पोर्तुहून जाताना उजवीकडे बसा. पिन्याँव स्टेशनच्या टाइल्सवर द्राक्षतोडणीची चित्रं आहेत.

जुनेपाने: इतिहास हवा तर रेग्वाचं दोरु संग्रहालय. पोर्तुगालचा तेव्हाचा मंत्री पोंबाल याने १७५६ मध्ये काढलेल्या वाइन कंपनीच्याच जुन्या इमारतीत आहे. वाइनमधली भेसळ फोफावली, भाव कोसळले, म्हणून त्याने खोऱ्याची हद्द आखून ग्रॅनाइटचे खांब रोवले. जगातला पहिला आखलेला वाइनप्रदेश!

तळटीप: पहिला नाही. टस्कनीत कियांतीची हद्द १७१६ सालीच ठरली होती.

जुनेपाने: नुसती हद्द ठरवणं वेगळं. इथे प्रतवारी, भाव, निर्यात या सगळ्यावर कंपनीचा ताबा होता.

चक्रधर: ते खांबसुद्धा गाडी असेल तरच बघून होतात.

बांधावरून: संग्रहालयाला +१. पण बांधही बघा. १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड आली, वेलींची मुळंच गेली. कितीतरी मळे कायमचे ओस पडले, तिथे त्यांना 'मोर्तोरियु' म्हणतात. बाकीचे अमेरिकन खुंटावर कलम करून पुन्हा उभे केले. जुन्या दगडी बांधाच्या तोंडाला चौकोनी भोकं दिसली तर थांबा. वेली त्या भोकांतून बाहेर काढत, म्हणजे वरचा सपाट तुकडा धान्याला मोकळा राहायचा. बुलडोझरने काढलेल्या नव्या टप्प्यांना दगडी बांध नसतो, नुसता मातीचा उतार. एवढं कळलं की कुठला टप्पा जुना, कुठला नवा ते लांबूनही ओळखता येतं.

निळाई: तोडणीचा हंगाम आहे, खोली आत्ताच धरा. मळ्यातलीच.

ओंजळ: आम्हाला एका टूरवाल्याने दिवसभर नुसतं ग्लास धरून बसवलं, मळा बसमधूनच दाखवला. स्वतःचे स्वतः फिरा.

रानवाटा: सगळ्यांचे आभार. मुक्काम पोर्तुतच करतोय, बजेट तिथेच बसतंय. सकाळच्या ट्रेनने रेग्वा, संग्रहालय झालं की पुढच्या ट्रेनने पिन्याँव आणि तिथून पायी काझाल द लोइव्हुश या वरच्या गावाचा चढ, बांधांची तोंडं निरखत. रात्री परत. टेस्टिंग जमलं तर दुसऱ्या दिवशी पोर्तुसमोर नदीपलीकडच्या गाया शहरात.