एकच फटका ओळीने पन्नास वेळा, की दर वेळी वेगळा?

मूळ मांडणी

सरावात दिसणारी प्रगती आणि प्रत्यक्ष शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बहुतेक प्रशिक्षक तत्त्वतः मान्य करतात आणि मैदानावर उतरले की विसरतात. एकच सर्व्हिस ओळीने पन्नास वेळा करायला लावली, तर शेवटच्या दहा सुरेख पडतात आणि सगळेच खूश होतात. पण त्या सुरेखपणातला मोठा वाटा नुकत्याच केलेल्या हालचालीच्या ताज्या आठवणीचा असतो. शे आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात, वेगवेगळ्या हालचालींचा मिसळून सराव करणारे लोक सरावाच्या वेळी मागे होते, मात्र नंतरच्या परीक्षेत त्यांनीच बाजी मारली. गूड आणि मॅगिल यांना १९८६ मध्ये बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिसबाबत असेच आढळले. क्रम बदलत राहिला की खेळाडूला दर वेळी हालचाल नव्याने योजावी लागते आणि सामन्यात नेमके तेच करायचे असते. म्हणून साचेबंद घोटून घेणे आता बहुतांशी सोडून द्यावे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १

असहमत. ज्याला रॅकेट नीट धरताही येत नाही, त्याच्यापुढे तीन सर्व्हिस आलटूनपालटून ठेवल्या, तर तो तीन प्रकारे चुकेल, एवढेच. ग्वाडाग्नोली आणि ली यांनी २००४ मध्ये मांडलेला विचार असा, की सरावाची काठिण्यपातळी शिकणाऱ्याच्या तयारीशी जुळली तरच त्याचा फायदा होतो. आपण नवखा आणि मुरलेला असा भेदच केलेला नाही.

दुसरे म्हणजे बास्केटबॉलचा फ्री थ्रो घ्या. रेषा १५ फुटांवर, कोणी अडवणारा नाही, अंतर कधीही बदलत नाही. कीच आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कसलेल्या खेळाडूंना त्या रेषेच्या पुढून आणि मागून चेंडू टाकायला लावले, तेव्हा आसपासच्या अंतरांवरील कामगिरीवरून जेवढे यश अपेक्षित होते, त्याहून अधिक यश नेमके त्या रेषेवर मिळाले. एकाच जागेवरून केलेली अफाट आवर्तने स्वतःची खूण ठेवतात, ती नाकारता येणार नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

फ्री थ्रोचे उदाहरण चपखल आहे, परंतु असे प्रसंग खेळात मोजकेच. बेसबॉलमध्ये चेंडू वेगवान येणार की वळणारा, हे फलंदाज ठरवत नाही. हॉल, डोमिंग्वेझ आणि कव्हाझोस यांच्या १९९४ मधील प्रयोगात महाविद्यालयीन फलंदाजांना जादा सराव दिला गेला, काहींना एकेका प्रकारचे चेंडू सलग आणि काहींना मिसळून. मिसळून खेळलेला गट अखेरीस सरस ठरला, तोही चेंडू सलग एकाच प्रकारचे टाकले तेव्हासुद्धा. शिवाय 'तोच फटका' असे आपण म्हणतो, पण बर्नस्टाइन यांनी हातोडा चालवणाऱ्या सराईत कामगारांच्या हालचाली टिपल्या, तेव्हा घाव जागेवर पडत असूनही सांध्यांची हालचाल प्रत्येक वेळी थोडी निराळी होती.

प्रतिसाद २

दोन्ही बाजूंनी प्रशिक्षकाच्या जिभेचा विचार केलेला नाही. प्रत्येक फटक्यानंतर सूचना देत राहिले, तर खेळाडू स्वतःची चूक ओळखायला शिकत नाही. साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्येच हा धोका दाखवून दिला होता. तोंड बंद ठेवणे हे क्रम बदलण्याहून अवघड काम आहे, हेही खरे!

प्रतिसाद १ कडून पुन्हा

सूचनांबाबत सहमत. पण मूळ मुद्द्यावर आणखी एक आक्षेप राहतो. ब्रेडी यांच्या २००४ मधील आढाव्यात मिसळून केलेल्या सरावाचा लाभ प्रयोगशाळेत जितका दिसतो, त्या मानाने खऱ्या खेळांच्या परिस्थितीत बराच कमी निघाला. एवढ्या लाभासाठी लहान मुलांना रोज चुकताना ठेवावे का? वारंवार हरल्यासारखे वाटणारे मूल सरावालाच येईनासे होते, आणि जे मैदानावर येतच नाही, त्याला कोणतीच पद्धत काही शिकवू शकत नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

मग मोजमापाची वेळ बदलून पाहावी. परीक्षा सरावाच्या शेवटी न घेता पुढच्या आठवड्याच्या सुरुवातीला, कोणतीही उजळणी न करता घ्यावी. तेव्हाही सलग घोटणारी मुले पुढे दिसली, तर नवख्यांपुरता माझा आग्रह मी सोडेन.

प्रतिसाद १ कडून पुन्हा

मान्य, पण त्या दिवशी किती मुले हजर राहिली, तेही मोजावे लागेल.