काउबॉय शूटिंगसाठी ठासणीचं रिव्हॉल्व्हर: रेमिंग्टनच घ्या, कोल्ट नको

टेक्सासकर
तीन वर्षं इथल्या काउबॉय सामन्यांना जातोय. ज्यांना हा खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी: जुन्या काळचा पोशाख, दोन सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरं (दर बाराआधी घोडा, म्हणजे आपटून बार उडवणारा मागचा भाग, अंगठ्यानं ओढावा लागतो), एक रायफल, एक शॉटगन, समोर जवळच लोखंडी पाट्या आणि डोक्यावर घड्याळ. 'सास' (सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी) या संघटनेच्या (स्थापना १९८७) नियमांत 'फ्रंटियर्समन' नावाचा गट आहे. त्यात ठासणीची रिव्हॉल्व्हरं, धूर करणारी काळी दारू आणि नेम एका हातानं. मी त्यात खेळतो.

नवीन माणूस देखणं म्हणून कोल्टचं १८५१ नेव्ही किंवा १८६० आर्मी उचलतो. माझं स्पष्ट मत, १८५८चं रेमिंग्टन घ्या. कोल्टच्या सिलिंडरवर चौकटीची पट्टीच नाही, नळी एका पाचरीवर अडकवलेली. नेम धरायची खाच घोड्यावरच कोरलेली, म्हणजे घोडा मागे ओढल्याशिवाय दिसत नाही. आणि कॅपचा, म्हणजे दारू पेटवणाऱ्या छोट्या तांब्याच्या टोपीचा त्रास! माझ्या १८६०वर तिसऱ्या बारानंतर फुटक्या कॅपचा तांब्याचा तुकडा घोड्यापुढच्या फटीत पडला. घोडा अर्ध्यात अडकला, घड्याळ चालू, आणि मी छोट्या पेचकसानं तो तुकडा उकरतोय. रेमिंग्टन घेतल्यापासून असं एकदाही झालेलं नाही.

काळाधूर
साफ असहमत. दादा, तुमच्याकडे हवेत दमटपणा असेल. आमच्या ॲरिझोनात कोरड्या हवेत काजळी दगडासारखी घट्ट होते. रेमिंग्टनचा सिलिंडर बारीक काडीवर फिरतो, तिथं काजळी बसली की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला तो जड होतो, अंगठ्याला कळतं. कोल्टचा सिलिंडर ज्यावर फिरतो तो कणा जाड, त्यावर ग्रीस धरायला खाचा पाडलेल्या. मी दिवसभर खेळतो, मध्ये पुसावंही लागत नाही.

कॅप अडकते तो दोष कोल्टचा नाही, निपलचा, म्हणजे कॅप बसते त्या बोंडाचा. चांगले निपल बसवा, कॅप घट्ट बसेल त्या मापाची घ्या, आणि घोडा ओढताना नळी जरा आकाशाकडे करा, तुकडा मागे गळून पडतो. मूठ तर कोल्टचीच, हातात घ्या म्हणजे कळेल.

सिंधुदुर्गवाला
आजोबांकडे शेतराखणीची परवान्याची ठासणीची बंदूक होती. ते संध्याकाळी गरम पाण्यानं नळी धुवायचे, कितीही दमलेले असले तरी. काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते आणि रात्रीत गंज धरतो. तुमचा वाद वाचून वाटलं, जो माणूस त्या रात्री धुणार नाही त्यानं दोन्ही घेऊ नयेत.

घोडाचाप
आजोबांचं बरोबर. पण खरेदीत लोक जिथं फसतात ते कुणीच लिहिलं नाही: पितळी चौकट. स्वस्त मिळते, पिवळी चमकते, पण भारी दारूनं ती सैल होत जाते. चौकट पोलादीच घ्या.

आणि .४४ (इंचातलं नळीचं माप) हवंच असं कुणी सांगितलं? पाट्या इतक्या जवळ असतात की .३६ची नेव्ही आणि थोडी दारू पुरते, झटकाही कमी. या जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या नकला उबर्टी आणि पिएट्टा या दोन कंपन्या इटलीत ब्रेशा प्रांतात बनवतात. उबर्टीच्या कोल्टमध्ये कणा अनेकदा आखूड असतो, पाचर जोरात ठोकली की नळी सिलिंडरला टेकते. पिएट्टात हे सहसा दिसत नाही. म्हणून टेक्सासकर, तुमचं १८६० कुणाचं होतं?

टेक्सासकर
उबर्टीचं, आणि पाचर मी हातोडीनंच ठोकायचो, हे कबूल. निपलही कारखान्याचेच होते. काळाधूर, काडीचं तुमचंही पटलं, मी दर फेरीनंतर काडी काढून पुसतो, त्याची मला सवय झाली आहे म्हणून त्रास जाणवला नाही. तरी नवख्याला मी रेमिंग्टनच सांगीन: त्याला निपल, पाचर, कणा यांतलं काही कळत नसतं, आणि वरून बंद चौकट चुका पोटात घालते.

काळाधूर
दर फेरीनंतर पुसायचं, हेच मी म्हणतोय. नवख्याला तेवढा वेळ कुठून मिळणार?