वाळू, पाणी आणि बळीराजा धरण

'जे सगळ्यांचं ते कुणाचंच नसतं, म्हणून एकतर सरकारनं सांभाळावं नाहीतर बाजारानं' असं अनेकदा म्हटलं जातं, ते मला पटत नाही. अमेरिकी अभ्यासक गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये जवळपास हेच मांडलं होतं. गावं आपले नियम ठरवून सामायिक साधनं टिकवतात, हे दाखवणाऱ्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण एवढं लांब कशाला जायचं?

आपल्या सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळवडी-तांदुळवाडीचं बळीराजा धरण आहे. ठेकेदार नदीची वाळू बेसुमार उपसत होते. वाळूतच पाणी मुरून राहतं, ती गेली की काठच्या विहिरी आटतात. मुक्ती संघर्ष या दुष्काळग्रस्त शेतकरी-मजुरांच्या चळवळीतल्या लोकांनी वाळूवर गावाचा हक्क सांगितला, मोजकी वाळू विकून पैसा उभा केला, श्रमदान केलं आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी धरण बांधलं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पाण्याचं वाटप. तत्त्व असं ठरलं की वाटा जमिनीवर नाही, माणसांवर. म्हणजे भूमिहीनालाही हक्क, आणि या पाण्यावर ऊस नाही. उसाच्या जिल्ह्यात हे ठरवायला छाती लागते!

समन्यायी वाटपाची हीच मागणी पुढे जिल्ह्यातल्याच दुष्काळी आटपाडी तालुक्यात पाण्यासाठी भरणाऱ्या पाणी परिषदांनी लावून धरली. त्यामुळे टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यावर बोलताना नुसतं 'पाणी आलं का' एवढंच विचारू नका. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्याचा वाटा कुठाय, हेही विचारा.