गाळ्यातली उपासना: ख्रिस्तीपणाची हद्द नेमकी कुठे?

कळव्याची आई

सर्वांना सलाम. आमचं मूळ नगर जिल्ह्यातलं, पणजोबांपासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आहोत. राहतो कळव्यात, रविवारी उपासनेला ठाण्यात जातो. थोरली लेक ऐरोलीत नोकरी करते आणि हल्ली घणसोलीतल्या एका फेलोशिपला, म्हणजे स्वतंत्र प्रार्थना-मंडळीला, जाते. परवा मीही तिच्याबरोबर गेले.

दुकानावरचा गाळा. वेदी नाही, मतांगीकार (सगळ्यांनी मिळून म्हणायची विश्वासाची कबुली) नाही. ड्रम, कीबोर्ड, जांभळे दिवे, आणि एकच ओळ कितीतरी वेळ. मग पास्टर एकेकाच्या कपाळावर हात ठेवू लागले आणि माणसं मागे कोसळू लागली. झेलायला दोन तरुण ठरलेले. बाई पडली की तिचे पाय झाकायला एक मुलगी घडी केलेली ओढणी घेऊन उभीच. माझ्या शेजारची बाई अन्य भाषेत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने येते म्हणतात त्या कुणालाच न कळणाऱ्या भाषेत, बोलत होती, डोळ्यांना धार लागलेली. ते रडणं खोटं नव्हतं.

सासूबाई म्हणतात, हा तमाशा आहे. लेक म्हणते, "आई, मला पहिल्यांदा मनापासून प्रार्थना करावीशी वाटली." आता तिला पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला सांगताहेत, तोही 'फक्त येशूच्या नावात'. लहानपणीचा चालत नाही म्हणे. आवाजाची मला भीती नाही. पण ख्रिस्ती विश्वास कुठे सुटतो, हे कुणी नीट सांगेल का?

तलावपाळी

मी कॅथलिक. 1969 साली रोमने भारतातल्या मिस्सासाठी (आमच्या मुख्य उपासनेसाठी) बारा गोष्टींना परवानगी दिली: चपला काढणं, मांडी घालून बसणं, हात जोडून नमस्कार, आरती, तेलाचा दिवा. आमच्याच लोकांनी त्यावर किती वाद घातला! नवं दिसलं की घाबरायचं नाही, एवढंच म्हणतो.

चरईच्या बाई

ताई, मी मंडळीच्या रविवारच्या शाळेत शिकवत आले, म्हणून सविस्तर लिहिते.

सासूबाईंना आधी केडगावचं सांगा. 1905 साली मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करत, हमसून रडत, अंगाची आग होते म्हणत. अशा उपासनेची सुरुवात म्हणून सगळे सांगतात ते लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचं आध्यात्मिक जागरण 1906 चं, म्हणजे आपलं पुणे जिल्ह्यातलं केडगाव त्याच्या आधीचं. पुष्कळांनी नावं ठेवली, पण रमाबाईंनी मुलींना गप्प बसवलं नाही. तेव्हा कोसळणं, रडणं यावरून मी कुणाला बाहेरचं ठरवणार नाही. मुक्तिफौजेचं बघा. 1882 ला ती मुंबईत आली. रस्त्यावर बँड, आणि बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजनही नाही. इतकं वगळूनही पिता, पुत्र, पवित्र आत्मा ही शिकवण त्यांनी सोडलेली नाही.

अन्य भाषांना मात्र प्रेषित पौलाने बायबलमध्ये शिस्त घातली आहे (1 करिंथ 14): दोघांनी, फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीने, आणि अर्थ सांगणारा हवा. त्या गाळ्यात अर्थ कोण सांगत होतं, हे लेकीला विचारा.

मला खरी काळजी बाप्तिस्म्याची वाटते. त्यांचा आधार प्रेषितांची कृत्ये 2:38 ('येशू ख्रिस्ताच्या नावात'), आपला मत्तय 28:19 ('पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावात'). नुसत्या शब्दांचा फरक असता तर मी बोलले नसते. पण 'फक्त येशूच्या नावात' म्हणणाऱ्या बऱ्याच मंडळ्या पिता, पुत्र आणि आत्मा वेगळे मानतच नाहीत. एकाच येशूची ती तीन रूपं, असं शिकवतात. याच मुद्द्यावर 1916 साली अमेरिकेत असेंब्लीज ऑफ गॉड ही पेंटेकॉस्टल मंडळी फुटली. ते स्वतः अन्य भाषा बोलणारे, तरी त्यांनी त्रैक्याची (एकाच देवात पिता, पुत्र, आत्मा हे तिघे वेगळे, या शिकवणीची) बाजू घेतली आणि त्यांचे बरेच सेवक बाहेर पडले. म्हणजे ही रेघ जुन्या चर्चवाल्यांनीच ओढली, असं नाही. पास्टरांना एवढंच विचारा: येशू बाप्तिस्मा घेऊन यार्देन नदीतून वर आला तेव्हा "हा माझा पुत्र" असं आकाशातून कोण म्हणालं?

कोपरखैरणे सेक्टरवाला

बाई, रमाबाईंचं अर्धंच सांगितलंत. 1883 ला इंग्लंडात वॉन्टेजला बाप्तिस्मा झाल्यावर त्या तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डिनशी त्रैक्यावरूनच वाद घालत होत्या. तेव्हा कुणी त्यांना हद्दीबाहेर काढलं असतं तर? ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या 1917 च्या 'देवाचा दरबारा'त, त्यांनी जमवलेल्या ख्रिस्तभक्तांच्या मेळ्यात, तर बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आणि आपल्या ठाण्याचंच घ्या. 1321 मध्ये फ्रान्सिस्कन साधू इथे उतरले ते नेस्टोरियन ख्रिस्त्यांच्या घरी. 431 च्या इफिसच्या परिषदेनंतर ज्यांना पाखंडी म्हणत आले, त्यांनीच त्यांना आसरा दिला.

चरईच्या बाई

तुमचं म्हणणं खरं आहे आणि मला ते आवडलं. पण रमाबाई प्रश्न विचारत होत्या, उत्तरं मागत होत्या. इथे एका पोरीला सांगितलं जातंय की तुझा बाप्तिस्मा झालेलाच नाही. शंका घेणाऱ्याला मी मंडळीतच धरीन. पण जो दुसऱ्याचा बाप्तिस्मा पुसतो, त्याने आधी आपली शिकवण उघड मांडावी.

कळव्याची आई

आभार. लेकीला सगळं वाचून दाखवलं. 'पौलाची शिस्त' ऐकून ती गप्प झाली, मग म्हणाली, "यार्देनेचं मीच विचारते, तू नको." शनिवारी त्यांची प्रार्थना असते. पास्टर काय म्हणाले ते इथे लिहीन. तोवर बाप्तिस्मा थांबवायचं तिने कबूल केलंय.