पेन्शनला पैसे कुठून येतात? भावाला काय सांगू?

जिंतूरचा मास्तर:
जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. २००७ ला तीन हजार मानधनावर शिक्षणसेवक म्हणून लागलो, तेव्हा वय ३४. जुनी पेन्शन, म्हणजे पगारातून कपात न करता सरकारनं जन्मभर द्यायची पेन्शन, १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांनाच. माझी दोन वर्षांनी हुकली. वडील मास्तरच होते. ते गेल्यावर आईला फॅमिली पेन्शन येते, तिचा दवाखाना त्यातच भागतो. मी नव्या योजनेत (एनपीएस): माझ्या पगारातून दहा टक्के कपात, सरकारचे चौदा. रिटायर झाल्यावर जमलेल्या रकमेतले साठ टक्के हातात आणि चाळीस टक्क्यांची अ‍ॅन्युइटी, म्हणजे ते विमा कंपनीत गुंतवून दरमहा मिळणारे पैसे. महिन्याला किती पडतील, ते बाजाराच्या मर्जीवर.

केंद्राची युनिफाइड पेन्शन योजना राज्याने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्य केली. त्यात २५ वर्षं सेवा झाली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन. मी ५८ ला बाहेर पडणार, म्हणजे २४ वर्षं. शिक्षणसेवकाची तीन वगळली तर २१, मग त्या प्रमाणात पन्नासऐवजी बेचाळीस टक्केच उरतात.

हे झालं माझं रडगाणं. मार्च २०२३ च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ची टोपी घालून मीही सात दिवस परभणीला बसलो होतो. घरी आलो तर धाकटा भाऊ ओट्यावर सोयाबीनच्या विक्रीची पट्टी घेऊन बसलेला. म्हणाला, “दादा, तुझ्या पेन्शनला पैसे कोण देणार?” मला उत्तर आलं नाही. तुम्हाला येतं का?

रिटायर बाबू, नांदेड:
मास्तर, भावाचा प्रश्न खरा आहे. मी कोषागारात जन्म घालवला, म्हणून सांगतो. जुन्या पेन्शनचा साठवलेला गल्ला कुठंच नसतो. या महिन्यात सरकारकडं आलेल्या पैशातूनच या महिन्याची पेन्शन जाते, माझीही. पगार, पेन्शन आणि कर्जाचं व्याज यातच राज्याचा निम्म्याहून जास्त महसूल जातो. दुष्काळ पडला, वसुली घटली, तरी हे तीन आकडे हलत नाहीत. कात्री लागते ती रस्त्याला, तलावाला.

राजस्थान, छत्तीसगड, हिमाचल जुन्यावर परत गेले. घोषणा करणाऱ्याला ती स्वस्तच पडते, कारण आज भरायचा चौदा टक्के हिस्सा वाचतो. २००५ ला पंचविशीत लागलेला २०३८ ला रिटायर होईल. बिल तेव्हाच्या सरकारला, टाळ्या आजच्याला!

पण तुम्ही आधी तुमचा हिशोब बघा. सुरुवातीच्या वर्षांतल्या कपाती खात्यावर चढल्या का? नाव बरोबर, नंबर दुसऱ्याचा, अशी चलनं मी डोळ्यांनी पाहिलीत.

लाल डबा:
एसटीत तिकिटं फाडली. २०१२ ला रिटायर झालो. आमची पेन्शन पीएफवाली (ईपीएस), तेवीसशे रुपये. तेव्हा साडेसहा हजाराच्या वरचा पगार हिशोबात धरतच नव्हते. महागाई भत्ता नावालाही नाही. किमान पेन्शन २०१४ ला हजार केली, ती तिथंच. मास्तर, तुमचे बेचाळीस टक्के मला द्या, नाचत नाचत घेतो.

सेनगावची शेतकरीण:
२०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता, आणि मोंढ्यात चार हजाराला घालून आलो. पेन्शन बंद करा असं आम्ही म्हणत नाही. मास्तरचा पगार झाला की किराणावाल्याची उधारी वसूल होते, हे गावाला माहिताय. पण साहेब लोकांच्या मागणीत आमच्या म्हातारपणाचा एक कागद तरी असावा की नाही?

जिंतूरचा मास्तर:
ताई, नव्हता. सात दिवसांत एकाही भाषणात नव्हता.

बाबूकाका, काल पगारपत्रकं काढली. २०११ च्या सहा महिन्यांची कपात पत्रकात आहे, खात्यावर नाही. कार्यालयात गेलो तर म्हणाले, कपातीच्या चिठ्ठ्या आणा. त्या तेव्हा हातावर टेकवलेल्या, बोटाएवढ्या. आईच्या ट्रंकेत दोन सापडल्या. बाकीच्या चार भाऊ शोधतोय, सोयाबीनच्या जुन्या पट्ट्यांच्या गठ्ठ्यात कुठंतरी असतील म्हणतो.