'स्कॅटरिंग'ला विकिरण म्हणावं, प्रकीर्णन की विखुरणं?

निशिगंध: नमस्कार. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनानिमित्त, कोथरूडच्या एका मराठी शाळेत नववीच्या मुलांपुढे बोलायचं आहे. अब्जांश स्फटिक (नॅनोक्रिस्टल, म्हणजे काही नॅनोमीटरचे स्फटिकी कण) आपले आपण रांगेत कसे बसतात आणि ते क्ष-किरणांनी कसं कळतं, हा विषय. शाळेला मी 'लघुकोनी क्ष-किरण विकिरण' ('स्मॉल अँगल एक्स-रे स्कॅटरिंग'साठी) असं शीर्षक कळवलं. दुसऱ्याच दिवशी एका पालकांचा फोन आला, "मुलांना रेडिएशनजवळ नेणार का?" त्यांची समजूत घातली, पण शब्द माझाच चुकला असं राहून राहून वाटतंय. काय म्हणावं?

जुना फळा: ताई, पालकांची काळजी रास्त आहे. उष्णतेचं वहन, अभिसरण आणि प्रारण आपण शाळेत शिकतो. म्हणजे रेडिएशनला मराठीत 'प्रारण' आहे, आणि आकाश निळं का दिसतं हे सांगताना 'विकिरण' येतं. हिंदीत मात्र विकिरण म्हणजेच रेडिएशन. पुण्यात दोन्ही भाषा कानावर पडतात, घोटाळा व्हायचाच. मराठी परिभाषेत स्कॅटरिंगला 'प्रकीर्णन' रुळलेला आहे, तोच घ्या.

गंमत म्हणजे हे सगळं एकाच घरातलं आहे. 'कॄ' म्हणजे विखुरणं, उधळणं. त्यातूनच विकिरण, प्रकीर्ण, संकीर्ण, आणि खुद्द 'किरण'ही. 'क्ष-किरण प्रकीर्णन' यात तो धातू दोनदा येतो. एकच अडचण आहे, 'प्रकीर्ण' म्हटलं की आपल्याला आधी जमाखर्चातला किरकोळ खर्च आठवतो. म्हणून शीर्षकात प्रकीर्णन ठेवा आणि बोलताना सरळ 'विखुरतात' म्हणा.

पाषाण रोड: निशिगंधताई, माझं संशोधन याच विषयात आहे. प्रयोगशाळेत आम्ही 'सॅम्पल सॅक्सला लावलंय' एवढंच म्हणतो ('सॅक्स' हे तुमच्या त्या इंग्रजी नावाचं लघुरूप), शब्दांचा प्रश्नच येत नाही. तो आला आजीला समजावताना. तेव्हा बुंदीच्या लाडवांचं ताट कामी आलं. बुंदी म्हणजे अणू, लाडू म्हणजे एक अब्जांश स्फटिक, आणि ताटात नीट रचलेले लाडू म्हणजे स्फटिकांचा स्फटिक. (लाडवात बुंदी कशीही बसते, अणू शिस्तीत असतात, एवढा फरक मुलांना जरूर सांगा.)

आता अंतरं दोन झाली. सोन्यात अणूंच्या थरांमधलं अंतर सुमारे ०.२४ नॅनोमीटर असतं. कणांच्या, म्हणजे आपल्या लाडवांच्या, थरांमधलं ८ धरू. तांबं वापरणाऱ्या क्ष-किरण नळीतून निघणाऱ्या किरणांची तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर. ते टाकले की अणूंच्या थरांची खूण मूळ दिशेपासून सुमारे ३८ अंशांवर मिळते, आणि कणांच्या थरांची जेमतेम १ अंशावर. अंतर जितकं मोठं, कोन तितका लहान. हा उलटा हिशेब ब्रॅग पितापुत्रांचा, त्यांना १९१५ चं नोबेल याच कामासाठी मिळालं.

निशिगंध: मग याला 'विवर्तन' (डिफ्रॅक्शन) का नको? ब्रॅग म्हटलं की तोच शब्द येतो ना?

पाषाण रोड: कण द्रावणात मोकळे असतात तेव्हा चित्रात नुसती पसरट वलयं दिसतात. त्यावरून कणांचं आकारमान कळतं, रांग नसतेच. द्रावक उडत जातो, कण जवळ येतात, आणि एका क्षणी त्याच चित्रात ठसठशीत ठिपके किंवा बारीक, रेखीव वलयं उमटू लागतात. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जेवायचंही विसरले होते. प्रत्येक कणाकडून किरण विखुरतात, ते प्रकीर्णन. रांगेमुळे त्या लहरी ठरावीक दिशांना एकमेकींना बळ देतात, ते विवर्तन. आपल्याला दोन्ही टप्पे सांगायचेत, म्हणून मोठा शब्द प्रकीर्णन.

जुना फळा: पटलं. पण शीर्षकातली मोठी चूक अजून कुणी पकडली नाही! 'लघुकोन' हा भूमितीतला पक्का शब्द आहे, ९० अंशांपेक्षा लहान कोन. नववीचं मूल लगेच विचारेल, "३८ पण लघुकोनच ना, मॅडम?" आणि 'वाइड अँगल'ला 'विशालकोनी' म्हणालात तर आणखी पंचाईत, कारण विशालकोन ९० च्या पुढचा. 'अल्पकोनी' म्हणा, किंवा 'अगदी लहान कोनातलं'.

निशिगंध: सर, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मनापासून आभार. आता 'सेल्फ असेंब्ली', म्हणजे कणांचं आपले आपण रांगेत बसणं, राहिलं. 'स्वयंजुळणी' चालेल?

पाषाण रोड: मला 'जुळणी' खटकते. माझे बाबा पिंपरीच्या कारखान्यात जुळणी विभागात होते, तिथे पाना घेतलेला माणूस असतो. इथे कुणीच नसतं. कणांवर ओलेइक आम्लासारख्या लांब रेणूंचं आवरण असतं, तेच आम्ल शेंगदाण्याच्या तेलातही असतं. त्यामुळे कण एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत, ठरावीक अंतरावर थांबतात. मला 'आपसूक रचना' आवडेल.

जुना फळा: 'स्वयं' लावलं की पाना गळून पडतो. लेखात स्वयंजुळणीच बरा, त्याला 'स्वयंजुळित' असं विशेषण करता येतं. 'आपसूक'चं काय करणार? मुलांसमोर मात्र आपसूक म्हणा, कानाला गोड आहे.

निशिगंध: मग नवं शीर्षक असं कळवते: 'आपसूक रांगेत बसणारे अब्जांश स्फटिक: विखुरलेल्या क्ष-किरणांची साक्ष'. प्रकीर्णन आणि अल्पकोनी हे शब्द फळ्यावर लिहीन.

जुना फळा: छान. आणि त्या पालकांना आज पुन्हा फोन करा. सांगा, वर्गात यंत्र येणार नाही, फक्त त्यातून निघालेली चित्रं येणार आहेत.