शब्दचर्चा : ‘जबाबदार’ आणि ‘उत्तरदायी’ यांत फरक काय?

शब्दवेठ
मंडळी, अडलंय. कारखान्यातल्या सुरक्षा-प्रशिक्षणाची एक पुस्तिका आणि सोबतचा अपघात-अहवालाचा फॉर्म मराठीत करते आहे. मुळात शेजारी शेजारी दोन रकाने आहेत : रिस्पॉन्सिबल आणि अकाउंटेबल. पहिला म्हणजे काम ज्याने करायचं तो. दुसरा म्हणजे ते झालं नाही तर शेवटी ज्याला विचारायचं तो. मी ‘जबाबदार’ आणि ‘उत्तरदायी’ लिहून मोकळी झाले. मसुदा एका सुपरवायझरांना वाचायला दिला, तर त्यांनी दोन्ही शब्दांभोवती गोल काढून समासात लिहिलं, ‘दोन्हीकडे माझंच नाव घालायचं ना?’ चेष्टाच असेल, पण मला लागली. शब्द सुचवा. इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवायचा नाही, अशी अट आहे.

कोशकीटक
सुपरवायझरांचं बरोबर आहे. ‘जबाबदार’मध्ये अरबी जवाब आणि फारसी दार, ‘उत्तरदायी’त संस्कृत उत्तर आणि दायी. माणूस तोच, अंगरखा तेवढा बदललाय. रिस्पॉन्सिबलच्या पोटातसुद्धा लॅटिनमधलं उत्तर देणंच आहे. म्हणजे तुमचे दोन्ही शब्द पहिल्याच रकान्यात जाऊन बसले आणि दुसरा रिकामा राहिला. अकाउंटमध्ये मोजणं आहे, हिशेब आहे. ‘हिशेब देणारा’ म्हणा. जाता जाता : लायेबल हा शब्द बांधण्यावरून आलाय आणि त्याला आपला ‘बांधील’ आयता आहे, तरी सगळे ‘दायित्व’च लिहितात.

ताळेबंद
‘हिशेब देणारा’ म्हटलं की लोकांना कॅशियर आठवेल. आणि ‘हिशेब चुकता केला’चा अर्थ तर अपघात-अहवालात अजिबात नको.

जुना फोरमन
मी भाषेतला नाही, कारखान्यातल्या शॉपवरचा आहे. काम सुरळीत चाललंय तोवर ‘जबाबदार कोण’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. काही झालं की मग विचारतात, आणि तेव्हा तो प्रश्न नसतो, शोध असतो. आम्ही म्हणायचो, काम एकाचं, जाब दुसऱ्याला. तेव्हा करणारा ‘जबाबदार’ आणि ज्याला जाब विचारायचा तो ‘जाबदार’. घ्या, झाला शब्द.

अशिलाचा भाऊ
फोरमनकाका, तुमचा शब्द कोर्टात केव्हाच रुजू झालाय. अर्जदार आणि जाबदार. ज्याच्याविरुद्ध अर्ज केला तो जाबदार. फॉर्मवर हा शब्द दिसला तर माणूस आधी वकील गाठेल, मग माहिती देईल.

कोशकीटक
जाब आणि जवाब एकच आहेत, बोलता बोलता झिजलेले. पण बघा, ‘जबाब’ पोलीस घेतात, ‘जाब’ लोक विचारतात आणि ‘जवाब’ कवी देतात. एका शब्दाची तीन पोरं, तीन घरी नांदतात.

मराठीनिष्ठ
यातला एकही शब्द मराठी नाही, हे कोणाच्या लक्षात येतंय का? अरबीची पोरं मोजत बसलात. ‘उत्तरदायी’ हा शुद्ध शब्द आहे, तोच ठेवा. कानाला सवय नाही म्हणून शब्द टाकायचे असते तर ‘दूरध्वनी’सुद्धा रुळला नसता.

ताळेबंद
दूरध्वनी रुळला? फोन करून कळवा.

विभक्तिप्रेमी
सगळे शब्दामागे धावताय, प्रत्ययाकडे कोणी बघत नाही. ‘यंत्राच्या देखभालीची जबाबदारी रात्रपाळीच्या प्रमुखावर’ हे काम झालं. ‘अपघाताला रात्रपाळीचा प्रमुख जबाबदार’ हा निकाल झाला. नाम असतं तेव्हा ती जबाबदारी घेता येते, सोपवता येते, गेला बाजार झटकताही येते. विशेषण झालं की अंगाला चिकटली. शिवाय ‘अपघाताला निसरडी फरशी जबाबदार’ असंही आपण बिनदिक्कत म्हणतो. फरशी कोणाला जाब देणार? तिथे ‘जबाबदार’ म्हणजे नुसतं कारण. काम, कारण आणि दोष, तिन्ही एकाच शब्दात कोंबल्यावर सुपरवायझर घाबरणारच. रकान्याला ‘जबाबदारी कोणाची’ एवढंच नाव द्या.

शब्दवेठ
हे पटलं. पण मग दुसऱ्या रकान्याचं काय?

डेकवरून
दुसऱ्या रकान्यासाठी एक उदाहरण देतो. 6 मार्च 1987. हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही गाड्या वाहणारी बोट बेल्जियममधल्या झीब्रुग बंदरातून निघाली ती पुढचे दरवाजे सताड उघडे ठेवून. पाणी आत शिरलं, बोट कलंडली, 193 माणसं गेली. दरवाजे लावायचं काम ज्याचं, तो केबिनमध्ये झोपला होता. त्याच्या वरच्याने ते उघडे पाहिले, पण लावणं हे काही आपलं काम नाही म्हणून तो पुढे गेला. खात्री करायची ज्याच्याकडे होती, त्या अधिकाऱ्याला त्याच वेळी ब्रिजवरही, म्हणजे बोट चालवायच्या कक्षातही, हजर व्हायचं होतं. कप्तानाने दरवाजे लागले असं धरून चाललं, कारण त्याच्यासमोर ते दाखवणारा दिवाच नव्हता. असा दिवा बसवा, हे कंपनीच्या कप्तानांनी आधी सुचवून झालं होतं. चौकशीचा निष्कर्ष असा की वरपासून खालपर्यंत सगळ्या कंपनीलाच ढिसाळपणाचा रोग लागलाय. तरी कंपनीवरचा मनुष्यवधाचा खटला 1990 मध्ये बारगळला, कारण वरच्या कोणा एका माणसावर दोष सिद्ध होईना. संस्थेलाच धरता यावं असा कायदा ब्रिटनमध्ये व्हायला 2007 उजाडलं. आता सांगा, या बोटीसाठी तुमचा फॉर्म भरायचा तर पहिल्या रकान्यात तीन नावं येतील. दुसऱ्यात?

विभक्तिप्रेमी
तुमच्या ‘ढिसाळपणा’वरून सुचलं. ‘गलथान’ हा आपल्याकडे जवळजवळ नेहमी कारभार असतो. ‘हलगर्जी’ मात्र माणूस असतो. कामगाराचा गलथानपणा कोणी लिहीत नाही, आणि संचालक मंडळाचा हलगर्जीपणा मी तरी क्वचितच वाचलाय. भाषेने आधीच वाटणी करून ठेवली आहे.

शब्दवेठ
बाई गं. मग कबुली देते. फॉर्मच्या शेवटी ‘अपघाताचे कारण’ म्हणून चौकटी आहेत. तिथे मुळात ह्यूमन एरर होतं आणि मी ‘कामगाराचा हलगर्जीपणा’ लिहिलंय. ओघात आलं हो!

जुना फोरमन
ताई, ते आधी खोडा. माझ्याच एका अहवालात ‘निष्काळजीपणा’ लिहिलेलं आहे. प्रेसला, म्हणजे दाब देणाऱ्या यंत्राला, दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय स्ट्रोक बसू नये, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. त्यातलं एक बटण महिनाभर लाकडाची पाचर ठोकून दाबून ठेवलेलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. नगाचा आकडा वाढला म्हणून पाळीचं कौतुकही झालं होतं. नंतर जबाब माझा एकट्याचा घेतला. सही डाव्या हाताने केली.

कोशकीटक
फोरमनकाका, यावर काय बोलावं कळत नाही.

ताई, चौकटीतला शब्द किरकोळ नसतो. हाइनरिश नावाच्या अमेरिकन विमावाल्याने 1931 मध्ये 75,000 अपघातांच्या नोंदी चाळून सांगितलं की 88 टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्याने होतात, 10 टक्के असुरक्षित परिस्थितीने आणि 2 टक्के टाळता न येणारे. हा 88 चा आकडा अजून प्रशिक्षणांत फिरतोय. नोंदी कुठल्या? विम्याच्या आणि कारखानदारांच्या. म्हणजे ज्याचा हात गेला त्याने भरलेल्या नव्हेत. चौकटीत ‘हलगर्जीपणा’ छापलात तर वर्षअखेर तुमच्याही पुस्तिकेत हलगर्जीपणाची टक्केवारी येईल.

मराठीनिष्ठ
मग काय, माणसं चुकतच नाहीत? हेल्मेट काढून ठेवणारा, पट्टा न लावणारा यांना काय म्हणायचं? संत?

कोशकीटक
चुकतात ना, पण चूक एकाच जातीची नसते. मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी 1990 मध्ये हे वेगळं करून मांडलं : हात भलतीकडे जाणं, विसरणं, समजच चुकीची असणं आणि जाणूनबुजून नियम मोडणं. मराठीत हे सगळं आहे की! नजरचूक, अनवधान, विसर, गफलत, हयगय, कुचराई, बेपर्वाई. गफलतीवर दंड ठोकून उपयोग नाही, तिथे यंत्र सुधारावं लागतं. पट्टा न लावणाऱ्याला विचारा, तर कधी पट्टा अडकवायला हूकच नसतो.

ताळेबंद
‘कसूर’ राहिला. कामात कसूर. कसूर म्हणजे कसर, थोडक्यात राहिलेलं, अशीच व्युत्पत्ती ना?

कोशकीटक
नाही. कसूर अरबीतल्या ‘तोकडं पडणं’ या धातूचा आणि कसर ‘मोडणं, तुकडा होणं’ या धातूची. मराठीत येताना दोघांचे उच्चार जवळ आले म्हणून भावंडं वाटतात. पण कसूर मूळ अर्थाने मला आवडतो. तोकडा माणूसही पडतो आणि व्यवस्थाही पडते.

विभक्तिप्रेमी
‘अपघात’ सुटला कोणाच्या तावडीतून? विश्वासघात कोणीतरी करतो, घातपात कोणीतरी घडवून आणतो. अपघात मात्र ‘होतो’. कर्ताच नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलने 2001 मध्ये अॅक्सिडेंट हा शब्द याच कारणाने बाद ठरवला होता, बहुतेक इजा आधी ओळखता आणि टाळता येतात म्हणून.

ताळेबंद
कर्ता नाही कसा? ‘त्याने गाडीचा अपघात केला’ असं सर्रास म्हणतात.

विभक्तिप्रेमी
म्हणतात, आणि ऐकताना मला दात आंबल्यासारखं होतं.

अशिलाचा भाऊ
मूळ प्रश्नाकडे येतो. दुसऱ्या रकान्यासाठी कायद्यात तयार शब्द आहे : ‘भोगवटादार’. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 मध्ये कारखान्याच्या कारभारावर ज्याचं अंतिम नियंत्रण, तो भोगवटादार. कंपनी असेल तर तिच्या संचालकांपैकी एक. तिथे सुपरवायझरचं नाव घालताच येत नाही.

ताळेबंद
नफा भोगणारा की शिक्षा भोगणारा?

जुना फोरमन
भोगणारा आमच्या पाळीत होता. त्याला भोगवटादार म्हणतात हे कळलं असतं तर पगारवाढ मागितली असती.

मराठीनिष्ठ
भोगवटादारातही शेवटी ‘दार’ आहेच, फारसी.

कोशकीटक
त्या दारातून तुम्ही रोज आत-बाहेर करता. जमादार, हवालदार, इमानदार.

मराठीनिष्ठ
घरात शिरायचं दार संस्कृत द्वारावरून आलंय, म्हटलं. आधी ‘हलगर्जी’ कुठून आला ते सांगा. हल म्हणजे नांगर. नांगर टाकून नुसती गर्जना करणारा, तो हलगर्जी. माझे मास्तर सांगायचे.

ताळेबंद
मास्तरांनी ही व्युत्पत्ती हयगयीने दिली की बेपर्वाईने?

विभक्तिप्रेमी
गर्जना नव्हे हो, ‘गरज’ बघा. ‘अलगर्जी’ असंही रूप ऐकलेलं आहे. ज्याला कशाचीच गरज नाही, तो.

शब्दवेठ
मंडळी, फॉर्म उद्या छापायला जातोय. पहिल्या रकान्याला ‘जबाबदारी कोणाची’ लिहिलंय. ‘हलगर्जीपणा’ खोडून ‘नेमकं काय घडलं’ असं विचारलंय आणि खाली पाच ओळी मोकळ्या सोडल्यात. दुसऱ्या रकान्याचं अजून…

मराठीनिष्ठ
‘अलगर्जी’ कुठे ऐकलंत? कोणत्या भागात?